कामाची गोळी

माझी थोरली जाऊ थकते, ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. तिच्या स्वतःच्या डोक्यात तर सगळ्यांत शेवटी शिरली.

आमची लाँड्री आहे. खाली लाँड्री, वर घर. हॉटेलांच्या चादरी, उश्यांचे अभ्रे, टेबलक्लॉथ आणि आजूबाजूच्या गिऱ्हाइकांचे शर्ट, असं आमचं काम. मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं, ती मामा सांभाळतात. ते कुणाचेच मामा नाहीत, पण पहिल्या दिवशी कुणीतरी तशी हाक मारली आणि तेच कायम झालं. मधल्या खोलीत इस्त्रीचं लांबलचक टेबल, तिथे थोरली. पुढे काउंटर, तिथे मी. मला काउंटर का दिलं, तर माझं तोंड चालतं म्हणून, असं घरातले म्हणतात. चालतंच. बंद तोंडानं कुणी गिऱ्हाईक सांभाळून दाखवावं. भाऊजी, म्हणजे थोरलीचे यजमान, हॉटेलांकडून काम आणतात आणि आमचे हे टेम्पोनं कपड्यांची ने-आण करतात.

थोरलीचं काम बघत राहावं असं. शर्ट घेतला की आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, पाठ सगळ्यांत शेवटी. कुणी पाठीपासून सुरुवात केली तर ती हातातून शर्ट काढून घ्यायची. वाफेची इस्त्री चांगली जड, पण तिच्या हातात ती चेंडूसारखी फिरायची. चादरीच्या एका टोकाला मी उभी राहायचे, दुसऱ्या टोकाला ती, आणि घडी घालताना तिच्या झटक्यानं मी दोन पावलं पुढे ओढली जायचे. तिला सगळे 'इंजिन' म्हणत. तिला ते आवडायचं, पण तसं दाखवायची नाही.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. थोरलीचं आलं तेच मुंगीच्या पायानं. आधी ती जिन्यात मध्येच थांबू लागली. कुणी पाहिलं की, "काहीतरी विसरले खाली," म्हणायची आणि खाली न जाता तिथेच उभी राहायची. मग दुपारच्या चहानंतर टेबलाला टेकून डोळे मिटू लागली. सकाळी उठल्यावर माणूस ताजं दिसावं, तर ही उठायची तीच दिवसभराचं काम उरकून आल्यासारखी. चादर झटकताना आता मी पुढे ओढली जाईनाशी झाले. रंगही उतरला होता. पण आमच्या लाँड्रीत दिवसभर वाफ असते, आम्ही सगळेच धुऊन काढल्यासारखे दिसतो, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एक गोष्ट मात्र मामांच्या ध्यानात आली होती. स्टार्चच्या पुडीचा डबा लवकर संपू लागला होता. "उंदीर लागलाय," असं म्हणत त्यांनी झाकणावर वजन ठेवलं. तरी डबा संपतच राहिला.

मग सुरू झाली घरची वैद्यकी. भाऊजी म्हणाले, "तू विचार फार करतेस." मामा म्हणाले, "एका जागी उभं राहून अंग जड होतं, सकाळी फिरायला जात जा." शेजारची शिलाईवाली म्हणाली, "साखर असणार, माझ्या बहिणीला अगदी अस्संच व्हायचं." मी म्हणाले, झोप पुरत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकाला आपल्या कारणाची खात्री. शेवटी भाऊजींनी दुकानातून लोहाचं टॉनिक आणलं आणि आपण फार मोठं काम केलं अशा चेहऱ्यानं कपाटावर ठेवलं. थोरलीनं ते नेमानं घेतलं. फरक पडला तो इतकाच, की तिला काळी शौच होऊ लागली. टॉनिकनं तसं होतं, हे मला कुणीतरी सांगितलं होतं, मी तिला सांगितलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

डॉक्टरांकडेही जाऊन आली ती. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई बसतात, बोलायला फटकळ पण मनानं चांगल्या. त्यांनी नीट विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत का?" थोरली म्हणाली, "छे हो, औषध कसलं? एक टॉनिक घेते फक्त." त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं. थोरलीनं तो कागद पर्समध्ये ठेवला आणि परत येताना मला म्हणाली, "आधीच अंगात जीव नाही, त्यात रक्त काढून घ्यायचं? डोकं फिरलंय का माझं?" 

भाऊजींनी मग तिला आठवडाभर सक्तीनं झोपवून ठेवलं. ती वर पडून राहिली, आम्ही खाली धावपळ करत राहिलो. आठवड्यानं ती जिना उतरून आली तर जशीच्या तशी. तेव्हा तिनं काढलेला निष्कर्ष मी कधी विसरणार नाही. म्हणाली, "इतका आराम करूनही जात नाही, म्हणजे हा थकवा नाहीच धाकटे. हा आळस आहे. या वयात मी आळशी झाले."

त्यानंतर शर्ट जळाला. एका मुलाचा नवा पांढरा शर्ट, दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीला घालायचा. थोरलीनं इस्त्री पाठीवर टेकवली आणि क्षणभर तिचं भानच गेलं. तपकिरी त्रिकोण उठला. मी मुलाची माफी मागितली, ह्यांनी टेम्पो काढून तसाच दुसरा शर्ट आणून दिला, मुलगाही समजूतदार निघाला. म्हणाला, "होतं काकू." पण थोरलीच्या टेबलावर असं कधी होत नसे. संध्याकाळी तिनं लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या गावी असते. बाळ झाल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, "आई, सगळं सोड आणि माझ्याकडे ये. आराम कर." इतके दिवस थोरली हसण्यावारी न्यायची. त्या संध्याकाळी म्हणाली, "येते. पुढच्या रविवारी न्यायला ये." भाऊजींनी तिला अडवलं नाही. त्यांना वाटत होतं, बायकोला खरंच विश्रांती मिळेल.

मला तसं वाटत नव्हतं. ही जाते ती 'आपण आता कामाच्या राहिलो नाही' असं ठरवून जाते आहे, आणि एकदा गेली की पुन्हा टेबलाशी उभी राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. लाँड्री चालली असती. माणसं मिळतात. पण मला ती हवी होती. जावाजावांचं पटत नाही म्हणतात, तर आमचं पटत होतं, आणि ते मोडताना मी नुसती बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ती मला सगळं समजावून द्यायला बसली. कुठल्या हॉटेलला चादरीची घडी कशी लागते, कुठल्या गिऱ्हाइकाला कॉलर कडक आवडते. बोलतानाही तिला धाप लागत होती. शेवटी तिनं चहाच्या किटलीशेजारचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "आणि हा आता तू सांभाळ. संपत आला की भरून ठेवायचा."

त्या डब्यात बिस्किटं कधीच नव्हती. अंगदुखीच्या गोळ्या होत्या. आमच्या लाँड्रीची ती जुनी रीत. नवीन माणूस कामाला आलं की आधी त्याला संडास दाखवायचा, मग चहा कुठे मिळतो ते आणि मग हा डबा. खांदा धरला, कंबर धरली, की डब्यात हात घालायचा. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. डोकं दुखलं की मीही घ्यायचे.

"किती लागतात तशा?" मी सहज विचारलं.

"मामांना अधूनमधून लागते. बाकी माझ्याच. सकाळी चहाबरोबर एक, दुपारी एक. चादरी जास्त असतील तर रात्री वर जाताना आणखी एक."

"रोज?"

"मग? खांदा काय आपोआप चालतो? गोळी घेतल्याशिवाय हात वरच जात नाही."

"ताई, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहाबद्दल का नाही सांगितलं असं विचारलं होतं. "त्यांनी औषधं विचारली. ही कुठे औषधं? ही कामाची गोळी."

खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेव्हा वीज वगैरे चमकली नाही. डबा भरायचा म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले, एवढंच. नेहमीचा माणूस नव्हता, त्याची बहीण बसली होती. एवढ्या गोळ्या कुणाला लागतात, म्हणून ती विचारू लागली. मी अभिमानानं सांगितलं. तिनं हातातली पाकिटं परत आत ठेवली. "उपाशीपोटी घेतात का? पोटात जळजळ होते का? शौच काळी होते का?" जळजळ होते, हे मला माहीत होतं, कारण थोरली सारखी थंड दूध प्यायची. काळी होते म्हटल्यावर मी घाईघाईनं टॉनिकचं सांगितलं. ती म्हणाली, "टॉनिकनंही होते, आणि पोटात रक्त वाहत असलं तरी होते. कशानं होते ते तुम्ही ठरवू नका, मीही ठरवणार नाही. आजच डॉक्टरांना दाखवा, आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या."

मी डबा न भरता परत आले आणि थोरलीला चपला घालायला लावल्या. ती नको म्हणाली, काम आहे म्हणाली, रविवारी जायचंच आहे म्हणाली. मी म्हटलं, "लेकीच्या दारात पडण्यापेक्षा डॉक्टरांच्या दारात पडा, ते सोयीचं." माझ्या तोंडाचा असाही उपयोग होतो.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट पाहिलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग थोरलीची खालची पापणी ओढून पाहिली. आतून ती लाल असायला हवी, ती आमच्या चादरीसारखी होती. नखं पाहिली. मग विचारलं, "माती, खडू, बर्फ असं काही खावंसं वाटतं का?"

थोरलीचा चेहरा पडला.  जमिनीकडे बघत ती म्हणाली, "स्टार्चची पूड."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मामांच्या उंदराचा पत्ता लागला होता. रक्तातलं लोह फार उतरलं की काहींना असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला तिथे कळलं. ती बिचारी लाजेनं लपून खात होती.

या वेळी रक्त तपासायचा कागद पर्समध्ये गेला नाही. मी स्वतः तिला नेलं. साखर, थायरॉइड, जीवनसत्त्वं, सगळंच बघायला सांगितलं होतं. मी म्हटलं, एवढं कशाला, कारण तर सापडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थकवा हे एका रोगाचं नाव नाही हो. रक्त कमी असलं तरी माणूस थकतो, थायरॉइड मंद असलं तरी, साखर वाढली तरी, घोरण्यामुळे रात्री श्वास अडकत असला तरी, आणि मन खचलं असलं तरीही. वरून सगळं सारखंच दिसतं. म्हणून अंदाजानं टॉनिक घ्यायचं नाही, शोधायचं. झोप आणि जेवण नीट असूनही दोन-तीन आठवडे थकवा हटला नाही तर यायचं. आणि धाप लागत असेल, चक्कर येत असेल, शौच काळी होत असेल तर तेवढंही थांबायचं नाही."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आमची तऱ्हा झाली होती. रक्त आत झिरपून जात होतं आणि आम्ही वरून टॉनिक ओतत होतो. वर ते टॉनिकच खरी खूण झाकत होतं.

रक्त असायला हवं त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. बाकीचे अहवाल ठीक आले. मोठ्या दवाखान्यात पोटात नळी घालून पाहिलं, तर गोळ्यांनी जठराला जखम केली होती आणि ती थेंबथेंब वाहत होती. फार वाईट काही नव्हतं, पण आणखी काही महिने तसंच चाललं असतं तर झालं असतं. तिथेच ठेवून घेऊन शिरेतून लोह दिलं, जखम भरायचं औषध सुरू केलं आणि डब्यातल्या गोळ्या कायमच्या बंद.

हे सगळं डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या तेव्हा थोरली पलंगावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"म्हणजे मी आळशी नाही?"

डॉक्टरीणबाई फटकळ बोलणाऱ्या, पण त्या वेळी त्यांचाही आवाज मऊ झाला. "बाई, निम्म्या रक्तावर तुम्ही उभ्या कशा होतात, हेच मला कळत नाहीये." थोरलीनं पदर डोळ्यांना लावला. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तर उघड रडले. मला लपवाछपवी जमत नाही.

राहिला खांदा. गोळी बंद म्हणजे खांदा दुखणारच, त्याचं काय करायचं? दवाखान्यातून व्यायाम शिकवायला एक मुलगी आली होती, ती म्हणाली, आधी टेबल दाखवा. तिनं टेबलाशी उभं राहून पाहिलं आणि हसलीच. टेबल थोरलीच्या उंचीला बुटकं होतं. ते सासूबाईंच्या मापानं केलेलं, आणि सासूबाई थोरलीच्या खांद्याला लागायच्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं निघालं आणि बाई बिचारी इतकी वर्षं स्वतःच्या खांद्याला दोष देत राहिली. मामांनी चार पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. मामांनी स्वतःहून तो गोळ्यांचा डबाही उचलला आणि आत खिळे भरले.

रविवारी लेक आली. कडेवर बाळ, हातात रिकामी बॅग. तिला आम्ही फोनवर अर्धवटच सांगितलं होतं, रक्त कमी आहे, औषध चालू आहे, एवढंच. थोरली नुकतीच दवाखान्यातून आली होती आणि मधल्या खोलीत खुर्चीवर बसून उंच झालेल्या टेबलाकडे बघत होती.

"आवरलं का आई?" लेकीनं विचारलं.

"मी नाही येत गं," थोरली म्हणाली. "माझं दुखणं सापडलं. काही महिने औषध घ्यायचं, जड उचलायचं नाही, मग पुन्हा टेबलाशी. आराम करायला यायची आता गरजच नाही बघ."

मला वाटलं, लेक आनंदानं आईच्या गळ्यात पडेल. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू येणारच नाहीस?" आवाज असा चढला की बाळ दचकलं. "मी खोली आवरून ठेवलीय. सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि तू आज म्हणतेस, येत नाही?"

"अगं, आई बरी होतेय, तुला बरं नाही वाटत का?" मी मध्ये पडले.

"वाटतंय ना काकू. खूप बरं वाटतंय," असं म्हणत ती बाळासकट चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "मला वाटलं, आई आली की बाळाला जरा घेईल. मला उठवत नाही सकाळी. केस ओंजळीनं गळतायत, सगळे पंखा लावतात तेव्हा मला थंडी वाजते. सासूबाई म्हणतात, मुलं काय सगळ्यांनाच होतात."

थोरली खुर्चीत पुढे झुकली. "मग तसं सांगायचं ना. तू तर मलाच आराम कर, आराम कर म्हणत होतीस."

"कसं सांगू? तुला? तू कधी थकलीस? लहानपणापासून एकदा तरी तुझ्या तोंडून ऐकलंय का मी? मला वाटलं, तुझी मुलगी असून मीच अशी कुचकामी निघाले."

मागच्या खोलीत मामांनी यंत्र बंद केलं. भाऊजी दारात येऊन थांबले, पण आत आले नाहीत. मी पुढे होऊन बाळाला घेतलं.

थोरली टेबलाला धरून सावकाश उठली. लेकीशेजारी गठ्ठ्यावर बसली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "आता तूच इथे राहा थोडे दिवस," ती म्हणाली. "उद्या त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. रक्त तपासून घेऊ, काय ते कळेल."

लेकीनं मान हलवली. तिचं रडू थांबेना.

थोरली बराच वेळ तिच्या हातावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी थकायचे गं. तू शाळेत जायचीस तेव्हाही थकायचे. तुला सांगायला हवं होतं मी."